‘लिजन’ हा शब्द वाचून झोप उडालेल्या वडगावच्या ताईंना

पत्र

नमस्कार डॉक्टरबाई,

मी वडगावात राहते. वय 38. घरात दोन माग आहेत. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 चा. गल्लीत बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं. आशाताई मागंच लागल्या म्हणून गेले, मला त्रास काहीच नव्हता. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, सगळा इंग्रजीत. मुलीनं वाचून दाखवला. ‘लो ग्रेड स्क्वेमस इंट्राएपिथेलियल लिजन’ लिहिलंय, खाली ‘बेथेस्डा 2014’ आणि ‘कॉल्पोस्कोपी करून घ्यावी’. बेथेस्डा हे कुठल्या रोगाचं नाव? जवळच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, दोन मुलं झाली, चाळिशी आलीच, पिशवी काढून मोकळ्या व्हा. सासूबाई पण तेच धरून बसल्यात. मालक म्हणतात, ‘कशाला घोर लावून घेऊलालीस, काय होत नाही.’ मुलीनं मोबाइलवर बघितलं तर हे संबंधातून येतं म्हणे. तेव्हापासून मालकांकडं बघितलं की मनात नको ते येतं, आणि ते माझ्याबद्दल काय समजतील याची पण भीती वाटते. मला कॅन्सर झालाय का? रात्री माग बंद झाला की झोपच येत नाही.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं मग शांतपणे वाचा. तुमच्या रिपोर्टवर कॅन्सर लिहिलेला नाही. हा शेरा आलेल्या बायकांची पुढची तपासणी केल्यावर कॅन्सर निघणं फारच विरळ. आणि बेथेस्डा हे गावाचं नाव आहे, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या. तोवर एकाच काचेवरच्या पेशींना एक लॅब एक नाव द्यायची, दुसरी दुसरंच. म्हणून 1988 साली डॉक्टर तिथं जमले आणि सगळ्यांनी सारखे शब्द वापरायचं ठरलं. त्या पद्धतीला गावाचं नाव पडलं. 2014 हे तिच्या सुधारणेचं साल. तेवढी एक ओळ मनातून खोडून टाका.

आता ते लांबलचक नाव. ‘स्क्वेमस’ म्हणजे चपट्या पेशी, गर्भाशयाच्या तोंडाला बाहेरून ज्यांचं अस्तर असतं त्या. ‘इंट्राएपिथेलियल’ म्हणजे त्या अस्तराच्या आतल्या आतच असलेलं. हा शब्द सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दिलासा देणारा आहे, कारण बदल अस्तर ओलांडून खाली उतरलेला दिसत नाही असं तो सांगतो. ‘लिजन’ला घाबरलात, पण आमच्या भाषेत कुठल्याही बदलाला लिजन म्हणतात; तोंड आलं तर जिभेवरचा फोडसुद्धा लिजनच. ‘लो ग्रेड’ म्हणजे खालच्या पायरीचा. याच्या वर ‘हाय ग्रेड’ असतं आणि त्याच्याही पुष्कळ वर कॅन्सर. तुम्ही पहिल्या पायऱ्यांवर आहात.

तुमच्या घरात माग आहेत म्हणून एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. इरकल साडीचं अंग आणि पदर वेगळ्या ताण्यांचे असतात, धाग्यात धागा अडकवून जोडलेले. तो सांधा तुमचा हात अंधारातही ओळखेल. गर्भाशयाच्या तोंडाशीही असाच एक सांधा आहे. आतून येणाऱ्या उभट पेशी आणि बाहेरच्या चपट्या पेशी तिथं भेटतात. वयात आल्यापासून तिथं सतत एका जातीच्या पेशींची दुसऱ्या जातीत बदली चालू असते, म्हणून ती जागा नाजूक. शिबिरात काडीनं किंवा ब्रशनं पेशी घेतात त्या याच जागेवरून. काचेवर पसरून रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काचेवर सुटे धागे दिसतात, कापड दिसत नाही. कापड नेमकं कुठं आणि किती विरलंय ते बघायलाच कॉल्पोस्कोपी सांगितली आहे.

हा बदल होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं. त्याच्या शंभराहून जास्त जाती आहेत आणि बऱ्याचशा निरुपद्रवी. कॅन्सरशी नातं असलेल्या थोड्याच, त्यातल्या 16 आणि 18 नंबरच्या दोन जाती मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरला कारण ठरतात. हे नातं दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला 2008 साली नोबेल मिळालं. पण विषाणू आला म्हणजे कॅन्सर आला असं नाही, हे दहादा वाचा. ज्यांचा शरीरसंबंध येतो त्यांतल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी येऊन जातो, सर्दीसारखा, न कळत. दहातल्या नऊ जणींचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत घालवून टाकतं. जिच्यात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो तिचा धोका वाढतो, आणि तरीही तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती दबलेली असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल, तर हा काळ कमी होतो. तसं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

तुमच्यासारखा खालच्या पायरीचा बदल निम्म्याहून जास्त बायकांत औषधाशिवाय आपोआप निवळतो. मग तपासणीच का, मालक म्हणतात तसं सोडून का देऊ नये? कारण काचेवर खालची पायरी दिसली तरी प्रत्यक्ष जागेवर साधारण पाच-सहा जणींत एखादीला वरच्या पायरीचा डाग निघतो. ती एखादी आपण नाही, हे बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. मालकांना म्हणावं, तुमचा धीर हवाच आहे, पण सोबत येऊन द्या.

कॉल्पोस्कोपीची भीती नावामुळं वाटते. टेबलावर शिबिरात झोपलात तसंच झोपायचं. तेच उपकरण आत घालून गर्भाशयाचं तोंड दिसेल असं करतात. दुर्बीण आत घालत नाहीत, ती बाहेरच वीतभर अंतरावर उभी असते, दिव्यासकट. मग कापसाच्या बोळ्यानं तिथं पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात. नाव ऐकून दचकू नका, गोबी मंचुरियनच्या गाड्यावर बाटलीत असतो तो व्हिनेगर म्हणजे पाण्यात हेच ॲसिड. थोडं चुणचुणतं. मिनिटभर थांबलं की निरोगी जागा गुलाबीच राहते आणि बदललेली जागा पांढरी पडू लागते, उकडलेल्या अंड्यासारखी. ती किती दाट पांढरी आहे, कड कशी आहे, खालच्या रक्तवाहिन्यांची नक्षी कशी आहे, हे डॉक्टर बघतात. नंतर आयोडीन लावलं की निरोगी भाग काळपट तपकिरी होतो, संशयाचा भाग पिवळट राहतो. तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्यानं घेतात, ती बायोप्सी. तेव्हा पाळीच्या कळेसारखी एक कळ येते. भूल लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही उठून साडी नीट करून बाहेर येता. नंतर दोन-चार दिवस थोडे डाग लागतात, किंवा रक्त थांबवायला लावलेल्या औषधामुळं काळपट, कॉफीच्या गाळासारखं काहीतरी येतं. त्याला घाबरू नका. पॅड भरून रक्त जायला लागलं, ताप आला किंवा घाण वास यायला लागला, तर मात्र लगेच परत जायचं.

जायच्या आधी दोन दिवस संबंध, आतून लावायची मलमं, गोळ्या, आत धुणं, सगळं बंद. पाळीच्या दिवसांत नको. पाळी चुकली असेल तर ते आधी सांगा.

तुकड्याच्या रिपोर्टवर बहुधा ‘सीआयएन’, म्हणजे अस्तरातल्या बदलाची पायरी सांगणारी अक्षरं, आणि पुढं 1, 2 किंवा 3 असेल. 1 असेल किंवा काहीच नसेल तर बहुतेक वेळा उपचार करत नाहीत, वर्षानं परत तपासतात. हे ‘काही न करणं’ बायकांना पटत नाही, मला माहीत आहे. पैसे खर्चून गेलो आणि गोळी पण दिली नाही, असं वाटतं. पण इथं वाट बघणं हाच उपचार आहे, अट एवढीच की वर्षानं खरंच यायचं. 3 असेल तर तो भाग काढून टाकायचाच, आणि 2 असेल तरी तुमच्या वयात बहुधा तेच सांगतील. विजेच्या बारीक तारेच्या फासानं पातळ चकती कापतात, जागेवर सुन्न करून, बहुधा त्याच दिवशी घरी. काही ठिकाणी गोठवून किंवा तापवून ती जागा जाळतात. गर्भाशय जागेवर राहतो, पाळी चालू राहते. सीआयएन 3 उपचाराशिवाय सोडला तर काय होतं हे न्यूझीलंडमधल्या एका जुन्या, दुःखद प्रकरणातून जगाला कळलं. तिथं अशा बायकांवर पुरेसे उपचार केलेच नव्हते, आणि 30 वर्षांत त्यांतल्या सुमारे 30 टक्के जणींना कॅन्सर झाला. ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी होतं.

आता पिशवी. ताई, इथं मी जरा जास्त थांबणार आहे.

‘दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य मी या जिल्ह्यात इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की त्याची चीड येते. पांढरं जातं, काढा पिशवी. कंबर दुखते, काढा पिशवी. रिपोर्टमध्ये एक इंग्रजी शब्द आला, काढा पिशवी. तुमच्या रिपोर्टवर पिशवी काढण्याचा सल्ला जगातली कुठलीही मार्गदर्शक सूचना देत नाही. खालच्या पायरीचा जो बदल आपोआप जाण्याची शक्यता जास्त, त्यासाठी पोट उघडायचं, भूल घ्यायची, दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, हे कशासाठी? बिजकोश पण काढले तर 38 व्या वर्षीच पाळी गेल्यासारखं होतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचं दुखणं लवकर येतं. बिजकोश ठेवले तरी ते नेहमीपेक्षा लवकर थकू शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट मला वाटतं तुम्हाला कुणी सांगितली नसेल. कॉल्पोस्कोपी न करता पिशवी काढली आणि चुकून त्या एखादीच्या नशिबी आत लपलेला कॅन्सर असला, तर ते साधं ऑपरेशन अपुरं पडतं. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूची ऊती आणि गाठी घेऊन केलेलं. एकदा अर्धवट झालं की पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. म्हणजे बदल साधा असेल तरी घाईनं पिशवी काढणं चूक, आणि गंभीर असेल तरी चूकच. सासूबाईंना ‘मला नको’ म्हणण्यापेक्षा हे कारण सांगा, त्या ऐकतील. देशात गरज नसताना पिशव्या काढण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्यावरच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणायला सांगितलं. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना तुम्ही कुणाचा अपमान करत नाही.

तुमच्या पत्रातला तो इंग्रजी रिपोर्ट वाचून मला माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एक बाई आठवल्या. खानापूरच्या बाजूच्या, भातशेतीवाल्या. संबंधानंतर रक्त जातं म्हणून आल्या होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला, घड्यांवर फाटलेला, हळदीकुंकवाचे डाग पडलेला. देव्हाऱ्यामागं ठेवला होता म्हणाल्या, देवाच्या ध्यानात राहावा म्हणून. तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट होता. हाय ग्रेड. देणाऱ्यानं ‘परत या’ म्हटलं होतं, का यायचं ते सांगितलं नव्हतं, आणि घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. तोवर रोग खाली उतरला होता. त्यांना मिरजेला नेऊन रेडिएशनचे शेक द्यावे लागले, आठवड्यांमागून आठवडे, एसटीनं. जे काम एका सकाळी झालं असतं. बाई बोलते मराठी, काउंटरवर कन्नड आणि कागद इंग्रजी, यात आपल्या बायकांचं असं होतं. तेव्हापासून मी कुठलाही रिपोर्ट मागच्या बाजूला मराठीत लिहून दिल्याशिवाय सोडत नाही. तुम्हीही मागून घ्या: काय निघालं, पुढं काय, कोणत्या महिन्यात. जिल्हा रुग्णालयात कन्नड फलकावर ‘गर्भकंठ’ दिसेल, तेच आपलं गर्भाशयमुख. तिथं किंवा कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात कॉल्पोस्कोपी कधी असते ते विचारून जा. खासगीत आरोग्य कर्नाटक योजनेतून काही करायची वेळ आलीच तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, म्हणूनही सुरुवात तिथूनच केलेली बरी. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना कोल्हापूर किंवा मिरज जवळ पडेल, हरकत नाही, पण मूळ रिपोर्ट आणि जमलं तर काचसुद्धा सोबत न्या.

आता मनात येतं त्याबद्दल. मोबाइलवर वाचलेलं खोटं नाही, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. पण तो कधी आला हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. तो दहा-पंधरा वर्षं गप्प पडून राहतो आणि मग एखाद्या काचेवर दिसतो. तुमच्या लग्नाला जेवढी वर्षं झाली त्याच्याही आधीचा असू शकतो, दोघांपैकी कुणाकडूनही. आयुष्यभर एकाच माणसाशी संसार केलेल्या बायकांतही तो सापडतो. पुरुषांसाठी याची नेहमीची तपासणी नाही, म्हणून मालकांना ‘तुम्ही पण करून घ्या’ म्हणून काही हाती लागणार नाही. या कागदावरून त्यांच्यावर शंका घेऊ नका आणि त्यांनी तुमच्यावर घेतली तर हे पत्र वाचायला द्या. त्यांना एवढंच सांगा: ‘विषाणूमुळं पिशवीच्या तोंडाला थोडा बदल झालाय, कॅन्सर नाही, तपासायला जायचंय, त्या दिवशी माग बंद ठेवून माझ्याबरोबर चला.’

घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर तो धूर तुमच्याही वाट्याला येतो, आणि तंबाखूच्या धुरानं हा विषाणू शरीरात टिकून राहायला मदत होते. मिश्री लावत असाल तर तीही सोडा, तिचा हिशेब तोंडाच्या कॅन्सरशी आहे.

मुलीनं तुमच्यासाठी एवढं वाचलं, तर तिचंही बघू. 13 हे एचपीव्हीच्या लशीचं चांगलं वय. 9 ते 14 वर्षांत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात, पंधरा पूर्ण झाल्यावर तीन घ्यावे लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस 2023 पासून मिळते. ही लस विषाणू येण्याआधी घ्यायची असते. तुमचा आत्ताचा बदल तिनं बरा होणार नाही. लस घेतली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी करावी लागेलच.

आणि तुमच्या जावा, नणंदा, शेजारणी? सरकारी धोरणानुसार 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी, बहुतेक ठिकाणी ती त्याच व्हिनेगरसारख्या ॲसिडनं करतात. अशा तपासण्यांचा उपयोग कुणावर बघितला माहीत आहे? आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायकांवर. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्या अभ्यासात होत्या, 2009 साली निकाल आला. ज्या गावांत एकदाच, फक्त एकदाच, ॲसिडची नव्हे तर थेट एचपीव्ही विषाणूची तपासणी करायचं ठरवलं होतं, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. शेतात राबणाऱ्या, कधी दवाखाना न बघितलेल्या बायका होत्या त्या. मला हा आकडा आठवला की त्या खानापूरच्या बाई आठवतात. ज्यांना संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसतंय त्यांनी शिबिराची वाट बघू नये, सरळ स्त्रीरोग डॉक्टर गाठावा.

ताई, पुढची पाळी संपली की त्याच आठवड्यात नाव घाला. आशाताईंना सोबत न्या, त्या तुम्हाला शिबिरात घेऊन गेल्या, आता पुढंही येतील. बायोप्सीचा रिपोर्ट आला की नाव झाकून त्याचा फोटो मला पाठवा, मी त्याच्यावर मराठीत लिहून परत पाठवते.